चार वेळा विकलेली गाडी

माझ्या वह्यांमध्ये एक गाडी चार वेळा येते. यामाहा आरएक्स १००, रंग काळा, एमएच-१९ पासिंग, पहिला मालक चोपडा तालुक्यातला. १९९६ मध्ये ती मी साडेअठरा हजारांना विकली. २००३ मध्ये सहा हजार आठशेला. २०११ मध्ये चौदा हजारांना. आणि २०२३ मध्ये एक लाख वीस हजारांना. इंजिन तेच, चेसिस तीच, टाकीसुद्धा तीच. भाव मात्र चारही वेळा निराळ्या कारणाने ठरला.

धुळ्यात पारोळा रोडला जुन्या मोटारसायकलींचा धंदा मी १९८६ मध्ये सुरू केला. आता दुकान मुलगा बघतो, मी सकाळी जाऊन बसतो. पहिल्या दिवसापासून प्रत्येक सौदा लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहिला आहे: तारीख, गाडी, इंजिन नंबर, चेसिस नंबर, देणारा, घेणारा, भाव, दलाली. शेजारी आरसी बुकाची झेरॉक्स डकवलेली. ही सवय आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते गाड्यांचे नव्हे, जनावरांचे दलाल होते. आमच्याकडे त्याला हेडी म्हणतात.

आप्पा वरखेडीचा आणि सावद्याचा गुरांचा बाजार करत आणि वर्षातून एकदा सारंगखेड्याला जात. सारंगखेडा तापीच्या काठी, शहादा तालुक्यात. १ जुलै १९९८ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोवर तो सगळा मुलूख आमच्या धुळे जिल्ह्यातच होता. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. मारवाडातून, काठेवाडातून, पंजाबातून घोडे येतात. मी दहा-बारा वर्षांचा असल्यापासून आप्पांबरोबर गेलो आहे. थंडीत पहाटे शेकोटीजवळ घोंगडी पांघरून बसायचं आणि उजाडलं की घोडे पळवताना बघायचे. आज लोक वेगवान गाडीच्या भावाचं कोडं विचारतात, तेव्हा मला पहिल्यांदा तो बाजार आठवतो, कारण खानदेशात वेगाला पैसे मोजायची रीत मी पहिल्यांदा तिथे पाहिली.

घोड्याचा भाव तीन गोष्टींवर ठरे. चाल, अंगावरच्या खुणा आणि वय. चाल तर समोर दिसतेच. खुणांचं शास्त्र मोठं होतं: चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तो पंचकल्याणी, गळ्यावर भोवरा असेल तो देवमण. पण आप्पा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त वेळ बघत ते दात. ओठ वर करून अंगठ्याने हिरडी दाबायची. दुधाचे दात किती पडले, कायमचे किती आले, त्यांवरचे खळगे किती झिजले, यावरून वर्षं कळतात. बैलाचंही तसंच, आदत, दोनदाती, चौसा, सहादाती, जुळलेला. विकणारा वय लपवू शकतो, दात लपवू शकत नाही. आप्पा अहिराणीत एवढंच म्हणायचे, ‘‘पहिले दात देख, मंग भाव सांग.’’ भाव बोलायचा तोही तोंडाने नाही. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबायची, बाजूला उभ्या असलेल्याला आकडा कळता कामा नये.

जित्राबाच्या भावाचा एक नियम मी तिथे शिकलो. शिंगराचा भाव चढत जातो, चार-पाच वर्षांत घोडा तयार झाला की शिखर गाठतो, काही वर्षं तिथे टिकतो आणि मग उतरतो. एकदा उतरला की पुन्हा कधीच चढत नाही. आप्पांनी आयुष्यभर हाच नियम पाहिला. मी लोखंडाच्या धंद्यात शिरलो तेव्हा त्यांची समजूत हीच होती की हे जित्राबाहून वाईट, कारण ते व्यायचंही नाही.

धुळ्याला हा धंदा चालण्यासारखी जागा आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता इथेच एकमेकांना छेदतात. त्यामुळे गॅरेजं, पंक्चरवाले, वेल्डिंगवाले, लेथवाले इथे आधीपासून होते. सुरतेहून, मुंबईहून, इंदूरकडून गाड्या येत आणि इथून पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळकडे जात. गिऱ्हाईक मात्र खेड्यातलं. कापसाचे पैसे आले की साक्री, शिंदखेडा बाजूचं, केळीचे पैसे आले की चोपडा, यावल, रावेर बाजूचं.

मी धंद्यात आलो तेव्हा जुन्या गाडीचा भाव हा वेगळाच प्रकार होता. बजाजचा चेतक १९७२ मध्ये निघाला आणि पुढे कितीतरी वर्षं तो मिळायला नंबर लावावा लागे. पैसे भरून माणूस वर्षानुवर्षं वाट बघे. म्हणून रस्त्यावरचा वापरलेला चेतक नव्याच्या कारखाना-किमतीहून महाग विकला जाई. वरच्या पैशाला ‘ऑन’ म्हणत. गाडी सोडा, बुकिंगच्या पावत्या विकल्या जात. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, किंमत ४७,५०० रुपये, तिच्यावरही ऑन लागलाच. लोक त्या काळाबद्दल ‘तेव्हा गाड्यांना भाव होता’ असं बोलतात. तो भाव गाडीचा नव्हता, टंचाईचा होता. कारखान्यांनी माल वाढवला आणि ऑन संपला. त्यानंतरच कुठली गाडी स्वतःच्या गुणावर टिकते हे दिसायला लागलं.

१९८४ ते १९८६ या तीन वर्षांत शंभर सीसीच्या चार जपानी गाड्या लागोपाठ आल्या. इंड-सुझुकी, हिरो होंडाची सीडी १००, एस्कॉर्ट्सने यामाहाबरोबर काढलेली आरएक्स १०० आणि बजाजची कावासाकी. एस्कॉर्ट्सचं नाव आमच्याकडे ट्रॅक्टरमुळे आणि राजदूतमुळे घरोघरी माहीत. राजदूत म्हणजे दुधाच्या कॅन लादून बांधावरून जाणारी १७५ सीसीची दणकट गाडी. त्याच कंपनीने १९८३ मध्ये राजदूत ३५० आणली होती, मुळात यामाहाची आरडी ३५०. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर, तीस हॉर्सपॉवर. अशी गाडी त्या काळच्या रस्त्यांना आणि खिशाला पेलणारी नव्हती. लिटरभर पेट्रोलला राजदूत-चेतकच्या मानाने निम्मी चाले आणि सुटे भाग महाग. दहा वर्षांच्या आत ती बंद पडली. नव्वदच्या दशकात माझ्या दारात तीन राजदूत ३५० आल्या, तिन्ही भंगारच्या भावाने गेल्या. त्यांतली एक आज माझ्याकडे असती तर मुलाच्या दुकानाचं भाडं भरायची चिंता कित्येक वर्षं मिटली असती.

आरएक्स १०० १९८५च्या अखेरीस आली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, अकरा हॉर्सपॉवर. वजन शंभर किलोच्या आसपास. गंमत आकड्यात नव्हती, त्या दोन आकड्यांच्या जोडीत होती. सीडी १००ची ताकद साडेसात हॉर्सपॉवरच्या आत, म्हणजे दीडपट ताकद आणि वजन जवळपास तेवढंच. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक ठोका पडतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. म्हणून पिकअप. दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलेटर पिळला की पुढचं चाक हलकं व्हायचं. लळिंगचा घाट दोघांना घेऊन ती दम न खाता चढायची. आणि आवाज. दोन गल्ल्या पलीकडून आरएक्स आली हे कळे. सुरुवातीच्या गाड्यांचे भाग जपानहून सुटे येऊन इथे जोडले जात. म्हणून ‘जपान इंजिन’ हा शब्द आमच्या बाजारात रुजला तो आजतागायत.

आता त्या काळ्या गाडीकडे येतो.

चोपड्याकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याने ती १९९०च्या दिवाळीत नवी घेतली. रस्त्यावर यायला एकवीस हजारांच्या आत पडली. त्याच महिन्यांत आखाती संकटामुळे पेट्रोल महागलं, तरी त्याने घेतली, कारण केळीचा हंगाम चांगला गेला होता. सहा वर्षं त्याने ती जपली. १९९६च्या मे महिन्यात मुलीच्या लग्नासाठी माझ्याकडे आणली. त्याच वर्षी आरएक्स १००चं उत्पादन बंद झालं होतं. १ एप्रिल १९९६ पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि त्यात ती बसत नव्हती. आज कोणी म्हणेल की बंद झाली म्हटल्यावर भाव उसळला असेल. तसं काही झालं नाही. गाडी बंद होते तेव्हा पहिल्यांदा लोक घाबरतात, सामान मिळेल का म्हणून. दोंडाईच्याच्या एका मिरची व्यापाऱ्याच्या मुलाने साडेअठरा हजार दिले, ते वेगासाठी. कॉलेजात जायला त्याला तीच हवी होती.

गाडी बघायला आलेला माणूस त्या वेळी काय बघायचा ते सांगतो, कारण मला त्यात आप्पा दिसायचे. तो टायर बघायचा नाही, रंग बघायचा नाही. विचारायचा, ‘‘नाना, बोअर कितवा?’’ आरएक्सच्या सिलिंडरचा मूळ व्यास ५० मिलिमीटर. पिस्टन घासून घासून सिलिंडर खाल्ला की लेथवर तो पाव मिलिमीटरने मोठा करतात आणि पाव मिलिमीटर मोठा पिस्टन टाकतात. पहिला बोअर, मग अर्ध्याचा दुसरा, पाऊणचा तिसरा, एकाचा चौथा. त्यापुढे नवीन स्लीव्ह किंवा नवा ब्लॉक. विकणारा तोंडाने काहीही सांगो, आमच्याकडचे मिस्त्री चाचा हेडचे चार नट खोलायचे, हेड बाजूला ठेवायचे, पिस्टनच्या माथ्यावरचा काळा कार्बन अंगठ्याने आणि रॉकेलच्या बोळ्याने पुसायचे आणि त्याखाली ठोकलेला बारीक आकडा उघडा पडायचा. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर. काहीच नसेल तर स्टँडर्ड, म्हणजे आदत. चाचा आकडा मोठ्याने वाचत नसत. बोट तिथे ठेवून माझ्याकडे बघत. घोड्याच्या तोंडात अंगठा घालणारा बाप आणि पिस्टन पुसणारे चाचा, मला दोघांत फरक दिसला नाही. १९९६ मध्ये ती काळी गाडी स्टँडर्डवर होती.

सात वर्षांनी, २००३ मध्ये, ती परत आली तेव्हा तिसऱ्या बोअरवर होती आणि जग बदललेलं होतं. १९९४ मध्ये हिरो होंडाची स्प्लेंडर आली होती आणि तिने खेडी काबीज केली. आरएक्स लिटरला चाळीस द्यायची, स्प्लेंडर त्याच्या जवळपास दुप्पट. शिवाय टू-टीचं ऑइल वेगळं. २००१च्या अखेरीस पल्सर आली, तरुण पोरांची वेगाची भूकही तिने भागवली. मिरचीवाल्याच्या मुलाने पल्सर घेतली आणि काळी गाडी दारात आणून लावली. चार महिने कोणी विचारलं नाही. शेवटी शिंदखेड्याकडच्या एका दूधवाल्याने सहा हजार आठशेला नेली. दोन्ही बाजूंना कॅन अडकवायला त्याने लोखंडी चौकट जोडली. ऑइल पंप बिघडला तो दुरुस्त न करता काढून टाकला आणि टाकीतच पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला लागला. खानदेशातल्या बहुतेक आरएक्स या आठ-दहा वर्षांतच संपल्या. काही दुधाखाली, काही सुट्या भागांसाठी कापल्या गेल्या, काही गोठ्यात कडब्याखाली पडल्या. गोठ्यात पडलेल्याच पुढे वाचल्या. वेगवान गाडीचा भाव टिकवणारी पहिली गोष्ट हीच की तिच्या बहिणी मरतात. निम्म्या मेल्याशिवाय उरलेल्यांना किंमत येत नाही.

याच काळात मी एकदा फसलो. २००५ मध्ये बाहेरगावच्या एका दलालाकडून दोन आरएक्स एकदम घेतल्या, चमकदार, कागद हातात. त्यांतल्या एकीचा पेन्सिल ट्रेस घेताना लक्षात आलं. ट्रेस म्हणजे नंबरावर पातळ कागद ठेवायचा आणि वरून शिसपेन्सिल आडवी घासायची, खालचे आकडे कागदावर पांढरे उमटतात. नामांतराच्या फॉर्मला तो लावावा लागतो. इंजिनावरचे आकडे कागदावर उमटले, पण त्यांच्याखाली दुसऱ्या आकड्यांच्या सावल्याही उमटल्या. कुणीतरी मूळ नंबर घासून वर नवा ठोकला होता. गाडी चोरीची. डोळ्यांना दिसलं नव्हतं, पेन्सिलीला दिसलं. मी ती पोलिसांकडे जमा केली, पैसे बुडाले, तीन वर्षं जबाबाला हेलपाटे घातले. आरएक्स पळते म्हणून साखळी ओढणाऱ्यांची ती आवडती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या बदनामीनेही तिचा भाव काही वर्षं खाल्ला. तेव्हापासून ट्रेस घेतल्याशिवाय मी एकाही गाडीचा इसार दिला नाही.

२०११ मध्ये दूधवाल्याने गाडी परत आणली. आता ती चौथ्या बोअरवर, सायलेन्सर गंजलेला, आणि त्याहून मोठं दुखणं कागदांचं. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. १९९०ची गाडी, २००५ मध्ये मुदत संपली, त्याने नूतनीकरण केलंच नव्हतं. त्यात २०१० पासून महाराष्ट्रात पंधरा वर्षांपुढच्या वाहनांना पर्यावरण कर लागला होता, दुचाकीला पाच वर्षांसाठी दोन हजार. नंदुरबारच्या एका शिक्षकाने ती चौदा हजारांना घेतली. मला वाटलं भाव दुप्पट झाला, दिवस फिरले. दिवस फिरायला लागले होते हे खरं. पण दुप्पट झाल्याचा माझा हिशेब कसा चुकीचा होता ते पुढे सांगतो.

गुरुजींनी जे केलं ते मी नंतर अनेकांना सांगितलं. त्यांनी गाडी रंगवली नाही. कंपनीचा काळा रंग, टाकीवरची पट्टी, जिथे उडाला तिथे उडालेला ठेवला. दूधवाल्याची चौकट कापून काढली. मूळचा ब्लॉक स्लीव्ह घालून पुन्हा स्टँडर्डवर आणला. ऑइल पंप दिल्लीच्या करोलबागेतून मागवला, बाकी बारीकसारीक पुण्याच्या नाना पेठेतून. क्रोम मात्र नवं केलं नाही. आणि सर्वांत आधी, गाडीला हात लावायच्याही आधी, त्यांनी आरटीओत जाऊन फिटनेस, कर, दंड, नूतनीकरण, एनओसी आणि नामांतर हे सगळं पुरं केलं. जुनी नोंद संगणकात नव्हती, तिची बॅकलॉग एंट्री करून घ्यायला त्यांना पुढे आणखी खेपा घालाव्या लागल्या. मुदत संपायच्या आत त्यांनी दर पाच वर्षांनी नूतनीकरण केलं. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या दुचाकीच्या त्या शुल्काचेच तीनशेचे हजार झाले.

त्याच वर्षांत माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक बदललं. पूर्वी जुनी गाडी घ्यायला येणारा माणूस नवी परवडत नाही म्हणून यायचा. आता येणारा बुलेटवर बसून यायचा. चाळिशीतला, पुण्या-नाशकात नोकरी, मूळ गाव अमळनेर, शिरपूर, पाचोरा. १९९२ला तो अकरावीत होता, गावात सरपंचाच्या मुलाकडे आरएक्स होती, याला कोणी बसूही दिलं नव्हतं. आता पैसे आहेत. माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्याचा निष्कर्ष मी ठामपणे सांगतो: गाडी नवी असताना जी मुलं तिच्याकडे बघत राहिली, ती कमावती होतात तेव्हा तिचा भाव चढतो. त्याला वीस-पंचवीस वर्षं लागतात. घोडा एवढी वर्षं कामाचा राहत नाही, म्हणून आप्पांना हा चढ कधी दिसला नाही.

पण नुसता मोह पुरत नाही. आरएक्स नवी होती त्या काळात जिनिंगवाल्यांकडे, डॉक्टरांकडे वेगाच्या मोटारीही होत्या. कॉन्टेसा होती. १९८५च्या सुमारास स्टँडर्ड २००० नावाची मोठी मोटार निघाली आणि दोन-तीन वर्षांत बंद पडली. पुढच्या काळात स्कोडा ऑक्टाव्हिया आली, तिची वेगवान टर्बो आवृत्ती तर तरुणांच्या तोंडी होती. या मोटारी जिल्ह्याच्या गावात फार लवकर पडल्या. कारण एकच, त्या उघडणारा मिस्त्री इथे नव्हता. दोन हजारच्या आसपासची होंडा सिटी व्हीटेक तेवढी टिकली, कारण इंजिन फारसं उघडावंच लागलं नाही. आरएक्सचं इंजिन मात्र धुळ्यातला सोळा वर्षांचा पोरगा झाडाखाली पोत्यावर मांडून संध्याकाळपर्यंत जोडतो. कार्ब्युरेटर, पॉइंट, एक सिलिंडर, एक पिस्टन. जी गाडी आपल्या गावात दुरुस्त होते तिचाच भाव आपल्या गावात टिकतो. बाकी जगातही कसोटी अशीच आहे. फेरारीने १९६२ ते १९६४ मध्ये फक्त छत्तीस २५० जीटीओ बनवल्या. त्यांतली एक २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात चार कोटी ऐंशी लाख डॉलरच्या वर गेली. तिथेही घेणाऱ्याचा एक मोठा प्रश्न असतो तो चेसिसवरच्या आणि इंजिनावरच्या नंबरांचा, ते कारखान्यातून निघाले तेव्हाचेच आहेत का हा.

२०२३च्या उन्हाळ्यात गुरुजी निवृत्त झाले, गुडघे दुखायला लागले, किक मारवेना. गाडी पुन्हा माझ्या दारात. मुलाने फोटो टाकले. आठवड्यात तेरा फोन आले. त्यांत एक चोपड्याचा होता. १९९०च्या त्या शेतकऱ्याचा मुलगा, आता स्वतः केळी लावतो. नंबर ओळखून आला. गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, ‘‘नाना, मना बापनी गाडी शे ही.’’ मला वाटलं सौदा झाला. तो बसला, चहा घेतला, मोबाइल काढला आणि हिशेब मांडला. खानदेशातला माणूस, जळगावच्या सराफ बाजाराचा भाव तोंडपाठ. १९९०च्या दिवाळीला सोनं दहा ग्रॅमला साडेतीन हजारांच्या आत होतं. म्हणजे बापाने गाडी घेतली ती सहा तोळ्यांना.

मग मी वह्या काढल्या आणि आम्ही दोघांनी चारही सौदे तोळ्यांत मांडले. १९९६: साडेतीन तोळे. २००३: सव्वा तोळा. २०११: अर्ध्या तोळ्याहून थोडं जास्त. २०२३: दोन तोळे. चौदा हजार आले म्हणून २०११ मध्ये मी खूश झालो होतो. तेव्हाच ती आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात खालच्या भावात होती, कारण सोनं त्या वर्षापर्यंत पंचवीस हजारांवर गेलं होतं आणि मी रुपये मोजत बसलो होतो. चढ खरा झाला तो त्यानंतर, अर्ध्याचे दोन झाले. पण सहाचे दोन झाले हेही तितकंच खरं, आणि मधल्या तेहतीस वर्षांचं ऑइल, पिस्टन, विमा, कर यात धरलेलेच नाहीत. नव्या गाडीच्या किमतीतला कर, विमा आणि दुकानदाराचा वाटा हा दागिन्याच्या मजुरीसारखा, विकायला गेल्यावर कोणी परत देत नाही. अमळनेरला लोकांनी विप्रोचे जुने शेअर ट्रंकेत ठेवून दिले आणि त्यांचं सोनं झालं. ट्रंकेतला कागद गंजत नाही आणि पेट्रोल मागत नाही. त्याची आणि गाडीची बरोबरी होत नाही, म्हणून ‘गुंतवणूक’ म्हणून जुनी गाडी घ्यायला येणाऱ्या मुलांना मी परत पाठवतो. चालवायला येणाऱ्यांना बसवून घेतो.

चोपड्याच्या त्या मुलाने गाडी घेतली नाही. मुलगी बारावीत आहे, म्हणाला. जाताना त्याने एकच मागितलं. १९९६च्या वहीत आरसी बुकाची झेरॉक्स होती, तिच्यावर पहिला मालक म्हणून त्याच्या वडिलांचं नाव आणि शेजारी विक्रीच्या पावतीवर त्यांची सही. त्याचा त्याने फोटो काढून घेतला. वडील २००९ मध्ये गेले, घरात त्यांची सही असलेला एकही कागद उरला नव्हता.

गाडी संगमनेरच्या एका तरुणाने नेली. त्याने भावात एक हजारही कमी करायला सांगितलं नाही. पेन्सिल ट्रेस घेतला, आकडे स्वच्छ उमटले. मुदतीतली आरसी, चारही मालकांची साखळी, पर्यावरण कराची पावती, सगळं समोर ठेवलं. त्याच आठवड्यात माझ्याकडे दुसरी आरएक्स उभी होती, १९९३ची, इंजिनाने हिच्याहून सरस. तिचे पस्तीस हजारसुद्धा येईनात. ती आजोबांच्या नावावर होती, आजोबा वारलेले, नोंदणी संपलेली, आरसी बुक उंदरांनी खाल्लेलं, आणि वारसांपैकी दोघे सही द्यायला तयार नाहीत. दोन गाड्यांमधला पंच्याऐंशी हजारांहून मोठा फरक निव्वळ कागदांचा होता.

म्हणून गोठ्यात, वाड्याच्या ओसरीत, कडब्याखाली कुणाची जुनी गाडी पडली असेल तर मिस्त्री बोलवायच्या आधी तिचं आरसी बुक शोधा. ज्यांच्या नावावर ती आहे ते हयात असतील तर याच महिन्यात त्यांना बरोबर घेऊन आरटीओत जा, नामांतराच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर त्यांच्या सह्या घ्या. ते हयात नसतील तर ३१ नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि एकेक वर्ष जातं तशी एकेक सही मिळेनाशी होते. इंजिनावरचा नंबर रॉकेलच्या बोळ्याने हलकेच पुसा. त्याला पॉलिश पेपर लावू नका.